नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे : पैसे संपले म्हणून उतारावर राहिलेला ट्रॅक

धुरळा

स्टॉक कार शर्यतींवर मराठीत फारसं लिहिलं जात नाही, आणि लिहिलं गेलं तरी ते डेटोनापाशी (फ्लोरिडातला प्रसिद्ध मोठा ट्रॅक) सुरू होऊन डेटोनापाशीच संपतं. हा खेळ ज्या लहान, आडगावच्या ट्रॅकांवर वाढला त्यांतल्या एकाचा इतिहास नीट मांडावा म्हणून हा धागा.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या वायव्येला, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी विल्क्स काउंटी आहे. डोंगराळ मुलूख, लहान शेतं, मुख्य पीक मका. मका पोत्यांत भरून बाजारात न्यायचा तर वाहतुकीतच नफा जायचा. त्याच मक्याची दारू गाळली की कमी वजनात जास्त पैसे, आणि कर चुकवला तर आणखी जास्त. ही हातभट्टी, म्हणजे मूनशाईन, विल्क्समध्ये इतकी मुरली की काउंटीला 'जगाची मूनशाईन राजधानी' म्हणत.

माल रात्री न्यायचा आणि मागे कर खात्याचे लोक. म्हणून गाडी बाहेरून साधी आणि आतून तयार लागायची. १९३९-४० च्या फोर्ड कूपे लोकांच्या आवडीच्या, कारण फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन स्वस्त, भाग कुठेही मिळणारे आणि ताकद वाढवायला सोपं. शंभर गॅलन दारू म्हणजे पावणेचारशे लिटरच्या वर. नुसत्या दारूचंच साडेतीनशे किलोच्या आसपास ओझं, वर काचेच्या बरण्यांचं वेगळं. साध्या कमानपाट्यांवर (स्प्रिंगवर) ते टाकलं तर गाडीचं बूड टेकतं आणि पोलिसांना लांबूनच कळतं. म्हणून मागच्या कमानपाट्यांना जादा पाती घालायची. मग रिकाम्या गाडीचं बूड उचललेलं दिसायचं, पण भरलेली गाडी सरळ चालायची आणि वळणावर झोलही कमी जायचा.

असे चालक आणि त्यांना गाड्या बांधून देणारे मेकॅनिक ज्या भागात भरपूर, तिथे एनॉक स्टेली आणि त्याच्या भागीदारांनी शेतजमिनीवर ट्रॅक काढला. हाताशी भांडवल सुमारे १,५०० डॉलर. जमीन सपाट करण्याआधीच पैसे संपले. जो चढउतार होता तो तसाच ठेवला. म्हणून आजही समोरची सरळ पट्टी पहिल्या वळणाकडे उतरते आणि मागची पट्टी तिसऱ्या वळणाकडे चढते. पहिली शर्यत १८ मे १९४७ ला झाली, तांबड्या मातीवर. फॉन्टी फ्लॉक जिंकला.

नॅस्कार ही अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था. तिच्या मुख्य मालिकेचा, तेव्हाच्या नावाने 'स्ट्रिक्टली स्टॉक'चा, पहिला हंगाम १९४९ चा, एकूण आठ शर्यती. त्यातली शेवटची इथे, १६ ऑक्टोबरला, २०० फेऱ्यांची. जिंकला बॉब फ्लॉक (फॉन्टीचा भाऊ), ओल्ड्समोबाईल घेऊन, आणि त्याच दिवशी रेड बायरन पहिला विजेतेपदाचा मानकरी ठरला. बायरनचा पाय दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानात जायबंदी झाला होता.

१९५८ पासून शर्यती डांबरावर. लांबी ०.६२५ मैल, म्हणजे एक किलोमीटरला जेमतेम सहा मीटर जास्त. १९४९ ते १९९६ मध्ये मुख्य मालिकेच्या ९३ शर्यती इथे झाल्या. रिचर्ड पेटी १५ वेळा जिंकला, डॅरल वॉल्ट्रिप १० वेळा.

बंद का पडला आणि परत कसा उभा राहिला, हे चर्चेत येईलच. तांत्रिक बाजू जाणकारांनी लिहावी ही विनंती.

---

कुतूहल

धागा आवडला. दोन प्रश्न. एक, 'स्टॉक' म्हणजे शोरूममधून आणलेली तशीच गाडी का? दोन, ज्या गाड्या हातभट्टीसाठी बांधल्या त्या शर्यतीत चालत होत्या का?

---

जुनी पाने

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच घटनेत आहे. १९४९ चा नियम असा, की गाडी तीन वर्षांच्या आतली आणि कारखान्यातून आली तशी हवी. मुभा जवळपास एकच. उजव्या पुढच्या चाकाच्या डिस्कला जाड पत्रा लावता येई. डावीकडेच वळायचं असल्यामुळे सगळा भार त्या चाकावर येतो, रिमची भोकं ओढली जातात आणि चाक नटांवरून निघून येतं.

हंगामाची पहिली शर्यत शार्लटला १९ जून १९४९ ला झाली. ग्लेन डनअवे १९४७ च्या फोर्डमध्ये पहिला आला. तपासणीत मागच्या पाट्या पसरवून बसवलेल्या सापडल्या. हा दारू वाहणाऱ्यांचाच जुना उपाय. त्याला बाद केलं आणि लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला विजेता ठरवलं. गाडीमालकाने १०,००० डॉलरचा दावा लावला आणि तो हरला. स्वतःच्या शर्यतीचे नियम नॅस्कार स्वतः ठरवू शकते हे न्यायालयाने मान्य केलं. पुढची सगळी तांत्रिक तपासणी त्या निकालावर उभी आहे.

विल्क्सचं नाव निघालं की ज्युनिअर जॉन्सन टाळता येत नाही. जन्म १९३१, गाव रोंडा, ट्रॅकपासून जवळच. १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला आणि ओहायोतल्या चिलिकोथीच्या तुरुंगात ११ महिने काढले. रस्त्यावर गाडी पळवताना मात्र तो कधीच सापडला नाही. चालक म्हणून ५० विजय, आणि संघमालक म्हणून केल यारबरो आणि डॅरल वॉल्ट्रिप यांच्यासोबत मिळून सहा विजेतेपदं. डिसेंबर १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

---

खडीडांबर

मूळ लेखातलं "पैसे संपले म्हणून उतार तसाच ठेवला" हे वाक्य हलकं घेऊ नका. सपाटीकरणात खर्च कुठे जातो ते बघा. उदाहरणादाखल धरू : एक सरळ पट्टी २५० मीटर, रुंदी १५ मीटर, सरासरी कटाई २ मीटर. झाले ७,५०० घनमीटर, आणि ही एकच बाजू. निघालेली माती समोरच्या बाजूला टाकायची तर नुसती ओतून चालत नाही. २०-२५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला पाणी, प्रत्येक थरावर रोलर. भराव न दाबता वर ट्रॅक केला तर दोन पावसाळ्यांत खचतो, आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला, जिथे भार सर्वांत जास्त, तिथेच आधी खचतो. १,५०० डॉलरमध्ये बुलडोझरचे किती तास मिळणार? उतार सोडून देणं हा त्या पैशात घेता येणारा सर्वांत शहाणा निर्णय होता. खचणाऱ्या भरावापेक्षा पक्क्या जमिनीवरचा चढ कधीही बरा.

मातीच्या काळातली देखभालही वेगळी. कॅरोलायनाची तांबडी माती चिकणी असते. पाणी कमी पडलं की वरचा थर पीठ होऊन उडतो, मागच्या चालकाला पुढचं दिसत नाही. जास्त झालं की चिखल रेडिएटरच्या जाळीत बसतो आणि इंजिन तापतं. नीट जमवायचं तर आदल्या रात्री खोल पाणी मुरवायचं, सकाळी वरवर फणी फिरवायची, मग गाड्याच फिरवून दाबून घ्यायचं. धूळ धरून ठेवायला कॅल्शियम क्लोराईड टाकतात, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. मात्र ते पत्र्याला आणि वायरिंगला खातं, त्यामुळे शर्यतीनंतर गाडी खालून धुवावीच लागते.

---

पाना नं. १४

उतारामुळे गाडी लावताना (सेट-अप करताना) काय अडचण येते ते लिहितो. आकडे जुन्या पिढीच्या गाडीचे : साधारण १,६०० किलो, ५.८ लिटरचं कार्ब्युरेटरवालं व्ही-८, मागे अखंड धुरा, १५ इंची लोखंडी रिम.

पहिलं गिअरचं. एवढ्या लहान ट्रॅकवर पूर्ण फेरी एकाच गिअरमध्ये मारतात, त्यामुळे सगळा खेळ मागच्या डिफरन्शियलच्या गुणोत्तराचा. समोरची पट्टी उताराची, तिथे इंजिनाचा वेग सहज वाढतो. त्या टोकाला इंजिनाच्या फेऱ्या हद्दीत राहतील असं लांब गुणोत्तर लावलं, तर दुसऱ्या वळणातून चढावर निघताना गाडी मरगळते. चढासाठी आखूड लावलं तर उताराच्या शेवटी इंजिन जास्त फिरतं, आणि ४०० फेऱ्या सलग तसंच केलं तर व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटते. सपाट ट्रॅकवर एक उत्तर असतं. इथे कुठे तडजोड करायची ते चालकाच्या सवयीवर ठरतं.

दुसरं ब्रेकचं. पहिल्या वळणाआधी उतारावर ब्रेक लागतो. वजन आधीच पुढे सरकलेलं, मागची चाकं हलकी. मागच्या ब्रेकचा वाटा थोडा जरी जास्त राहिला तरी बूड बाहेर निघतं. पुढे जास्त वाटा दिला तर पुढच्या डिस्क लाल होतात, उष्णता रिममध्ये उतरते आणि टायरचा बीड (रिमला धरणारी आतली कडा) वितळून हवा जाते. उपाय म्हणजे पुढच्या ब्रेकला हवेच्या नळ्या. पण त्या उघडताना रेडिएटरची हवा किती कमी होते ते बघावं लागतं. तिसऱ्या वळणाला उलट, चढामुळे गाडी आपोआप मंदावते आणि ब्रेक उशिरा लावला तरी चालतं. दोन्ही टोकांना एकच ब्रेकिंग खूण धरणारा चालक एका वळणावर वेळ घालवतो आणि दुसऱ्यावर टायर.

तिसरं मागच्या उजव्या टायरचं. दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना चढ लागतो, म्हणून चालक पाय जास्त दाबतो. चाक जागेवर फिरतं, तापतं, मग पकड जाते, मग तो आणखी दाबतो. हे चक्र विसाव्या फेरीला सुरू झालं तर पन्नासाव्या फेरीला गाडी चालवण्यासारखी राहत नाही.

---

कुतूहल

@पाना नं. १४, डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या मापाची असतात असं ऐकलं होतं. ते खरं का?

---

पाना नं. १४

खरं आहे, त्याला स्टॅगर म्हणतात. मागची दोन्ही चाकं एकत्र लॉक असतील तर दोन्ही तेवढ्याच वेळा फिरणार. वळणात बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता आहे, म्हणजे त्याचा घेर मोठा हवा. हिशोब सोपा आहे. समजा वळणाची त्रिज्या ६० मीटर आणि दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर १.६ मीटर. बाहेरचं चाक ६०.८ मीटर त्रिज्येवर, आतलं ५९.२ वर. गुणोत्तर १.०२७. टायरचा घेर २.२ मीटर धरला तर उजव्या टायरचा घेर सुमारे ६ सेंटिमीटरने जास्त हवा. प्रत्यक्षात त्याहून कमी ठेवतात, कारण सरळ पट्टीवर हाच फरक गाडीला डावीकडे ओढतो आणि टायर घासतो.

मोजताना पातळ पोलादी टेप टायरच्या मधोमध गुंडाळायचा, हवा शर्यतीच्या दाबावर आणि टायर त्याच तापमानाला हवा. गार टायर मोजून बसवला आणि गरम झाल्यावर गाडीचा स्वभाव बदलला, तर चूक गाडीत शोधू नका.

कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर जाणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात माहीत असेल. कार्टचा मागचा धुराही अखंडच असतो. फक्त तिथे दोन्हीकडे वळायचं असतं म्हणून स्टॅगर देता येत नाही, आतलं मागचं चाक उचलून काम भागवतात.

आता विल्क्सबरोचा संबंध. एप्रिल १९८९ मध्ये मुख्य मालिकेत रेडियल टायरवर पहिला विजय इथेच मिळाला, डेल अर्नहार्ट आणि गुडइयर. त्याआधीचे बायस-प्लाय टायर हवेचा दाब वाढवला की घेराने फुगत, त्यामुळे पिटमध्ये (शर्यतीत गाडी थांबवून टायर बदलण्याची जागा) हवेचा दाब दोन-तीन पौंड इकडेतिकडे करून स्टॅगर बदलता यायचा. रेडियलचा घेर पट्ट्यामुळे बांधलेला, दाबाने फारसा हलत नाही. मग समतोल साधायला वेजवर जास्त भर आला. पुढचं उजवं आणि मागचं डावं या दोन चाकांवरचं वजन एकूण वजनाच्या किती टक्के, ते म्हणजे वेज. वाढवलं की गाडी वळायला नकार देते, कमी केलं की बूड सुटतं. मागच्या काचेतून लांब पाना घालून स्क्रू फिरवताना दिसतात, ते हेच.

---

जुनी पाने

उताराच्या ब्रेकवरून १९८९ ची १५ ऑक्टोबरची शर्यत आठवणं भाग आहे. अर्नहार्ट ४०० पैकी ३४३ फेऱ्या पुढे होता. शेवटच्या फेरीत पहिल्या वळणावर रिकी रड आतून घुसला, दोघे एकमेकांना लागले आणि दोघेही फिरले. जेफ बोडाइन निघून गेला. तो संपूर्ण शर्यतीत एकच फेरी पुढे होता, शेवटची. अर्नहार्ट दहावा. त्या वर्षीचं विजेतेपद रस्टी वॉलेसकडे गेलं, १२ गुणांनी. पाना यांनी लिहिलेलं उतारावरचं हलकं बूड ध्यानात ठेवून तो क्षण पाहिला की आत घुसणाऱ्याला गाडी थांबवणं किती अवघड होतं ते कळतं. चूक रडची होती की अर्नहार्टने दार बंद केलं, यावर अजून वाद होतात. आतली जागा उघडी होती आणि शेवटची फेरी होती. मला रडचा प्रयत्न रास्त वाटतो.

पुढच्या वसंतातली, एप्रिल १९९० ची शर्यतही इथलीच. तेव्हा फेऱ्यांची नोंद हाताने व्हायची. प्रत्येक गाडीसाठी एक नोंदणारा, गाडी समोरून गेली की घड्याळ बघून कागदावर वेळ टिपायची. फेरी वीस सेकंदांच्या आसपासची, अर्ध्या गाड्या पिटमध्ये जाऊन आलेल्या आणि अर्ध्या नाहीत, अशा वेळी पिवळा झेंडा निघाला, म्हणजे सगळ्यांनी हळू चालायचं. अशा वेळी आघाडीच्या गाडीपुढे चालणाऱ्या पेस कारने चुकीच्या गाडीपुढे जागा घेतली. कोण पुढे आहे हे कागद जुळवून ठरवायला बऱ्याच फेऱ्या पिवळ्या झेंड्याखाली गेल्या, आणि ब्रेट बोडाइनला आघाडी मिळाली. मुख्य मालिकेतला त्याचा तो एकमेव विजय. वॉल्ट्रिपच्या मते शर्यत त्याने जिंकली होती. लहान ट्रॅकवर पिटमध्ये गेलं की एकदोन फेऱ्या जातातच, त्यामुळे हाताची नोंद सर्वांत आधी अशाच ठिकाणी कोलमडते.

---

कुतूहल

इतक्या चांगल्या शर्यती होत असताना ट्रॅक बंद का केला? जुना झाला म्हणून?

---

धुरळा

जुना तर होताच. खुर्च्या, स्वच्छतागृहं, पार्किंग सगळंच मागे पडलेलं. स्टेलीने तिकीट स्वस्त ठेवलं आणि नव्या बांधकामात फार पैसा घातला नाही. पण बंद पडायचं कारण वेळापत्रक.

नॅस्कारमध्ये शर्यतीच्या तारखा मोजक्या. १९९६ मध्ये संपूर्ण हंगाम ३१ शर्यतींचा होता. नवा ट्रॅक बांधणाऱ्याला तारीख हवी तर ज्याच्याकडे ती आहे तो ट्रॅक विकत घेणं हा सरळ मार्ग. विल्क्सबरोकडे वर्षाला दोन तारखा होत्या. जमीन, गॅलरी, डांबर या सगळ्यांपेक्षा त्या दोन तारखांची किंमत जास्त झाली.

मे १९९५ मध्ये एनॉक स्टेली वारला. ट्रॅकची मालकी दोन कुटुंबांत अर्धी अर्धी होती. कोम्ब्स कुटुंबाचा हिस्सा ब्रुटन स्मिथने घेतला, स्टेली कुटुंबाचा न्यू हॅम्पशायरच्या बॉब बाहरने. स्मिथ टेक्ससमध्ये दीड मैलाचा, दीड लाखांच्या आसपास प्रेक्षक बसतील असा ट्रॅक बांधत होता. एक तारीख तिकडे गेली, दुसरी न्यू हॅम्पशायरला. शेवटची शर्यत २९ सप्टेंबर १९९६, जेफ गॉर्डन पहिला, अर्नहार्ट दुसरा.

आणि मग अडकणूक. दोघांकडे पन्नास-पन्नास टक्के. एकट्याला काही करता येईना आणि दुसऱ्याला विकायची तयारी नाही. स्मिथच्या कंपनीने न्यू हॅम्पशायरचा ट्रॅक घेतला (व्यवहार २००७ च्या शेवटी जाहीर झाला) तेव्हा कुठे पूर्ण मालकी एका हातात आली. तोवर दहा वर्षं गवत वाढत होतं. २०१०-११ मध्ये भाड्याने घेऊन काही लहान मालिकांच्या शर्यती झाल्या, पण ते टिकलं नाही. एवढ्या जागेची देखभाल आणि विमा दोन-चार शर्यतींच्या तिकिटांवर निघणं कठीण.

म्हणूनच मला वाटतं, ट्रॅक मोडकळीला आला म्हणून तारखा गेल्या असं म्हणणारे क्रम उलटा लावतात.

---

खडीडांबर

गवताचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्याही रंजक आहे. इथलं डांबर १९८१ चं. २०२३ च्या शर्यतीपर्यंत तेच होतं, म्हणजे ४२ वर्षं.

डांबर मोडतं कुठून? सांध्यातून. पेव्हर (डांबर पसरवणारं यंत्र) एक पट्टा टाकतो, तो गार होतो, मग शेजारी दुसरा गरम पट्टा येतो. गार कडेला नवा माल नीट चिकटत नाही आणि दाबलाही जात नाही, तिथे पोकळी जास्त राहते. पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं, फट रुंदावते, धूळ बसते, बी पडतं. विल्क्सबरोच्या सोडलेल्या काळातल्या छायाचित्रांत झुडपं सरळ रेषेत उगवलेली दिसतात ती याचमुळे. नवीन काम करताना दोन पेव्हर थोडं मागेपुढे ठेवून एकत्र चालवले तर हा सांधा गरमच राहतो.

बँकिंगवर, म्हणजे वळणावरच्या तिरक्या पृष्ठावर, काम आणखी किचकट. रोलर तिरक्या पृष्ठावर खाली घसरतो, म्हणून वरच्या कडेला उभ्या यंत्राला तो बांधून ठेवतात. माल १५०-१६० अंश सेल्सिअसला पडतो आणि ८० च्या खाली जायच्या आत दाबून व्हायला हवा. पोकळी चार ते सात टक्क्यांत बसवायची. जास्त राहिली तर डांबर लवकर वाळतं, फारच कमी झाली तर उन्हात मऊ होऊन वर येतं. अमेरिकेत अशा कामाला पॉलिमर मिसळलेलं पीजी ७६-२२ सारखं डांबर वापरतात. पहिला आकडा म्हणजे ७६ अंशांपर्यंतच्या उष्णतेत ते आकार धरतं आणि दुसरा म्हणजे उणे २२ पर्यंत तडकत नाही. आपल्याकडच्या व्हीजी-३०, व्हीजी-४० च्या प्रतवारीत थंडीची बाजू वेगळी तपासत नाहीत. महाराष्ट्रात त्याची गरजही तितकी नाही.

---

पाना नं. १४

आणि त्याच ४२ वर्षांच्या डांबराने २०२३ ची शर्यत घडवली. वरचं डांबर झिजून खडी उघडी पडली की पृष्ठ पॉलिश पेपरसारखं होतं. नव्या टायरला पहिल्या फेऱ्यांत उत्तम पकड, मग रबर घासून जातं आणि प्रत्येक फेरीला वेळ वाढत जाते. याचा अर्थ, नवे टायर घेऊन मागून येणाऱ्याला संधी असते.

२१ मे २०२३ ची ऑल-स्टार शर्यत (निवडक चालकांची, हंगामाचे गुण नसलेली), २०० फेऱ्या, बक्षीस दहा लाख डॉलर. काइल लार्सनने सुरुवातीलाच नवे टायर घेतले, पण पिटच्या नियमभंगाबद्दल त्याला सर्वांत मागे टाकलं. तरी पंचावन्नाव्या फेरीच्या आसपास तो पहिला होता, आणि उरलेल्या १४५ फेऱ्या पुढेच राहिला.

मग नवीन डांबर झालं. २०२४ ला जोई लोगानो २०० पैकी १९९ फेऱ्या पुढे. पृष्ठ नवं, पकड भरपूर, टायर झिजतच नाहीत. सर्वांत आतली रेषा धरणारा पुढे आणि बाकीचे त्याच्यामागे ओळीत. गुडइयरने मऊ टायर आणूनही ते फार बदललं नाही. नव्या डांबरावर शर्यत चांगली व्हायला काही हिवाळे आणि उन्हाळे जावे लागतात, त्याला दुसरा इलाज नाही.

झिजलेल्या टायरचं आणखी एक टोक १९९४ चं. २ ऑक्टोबरला जेफ बोडाइनने हूझियर टायरवर बाकी सगळ्या गाड्यांना एक फेरी मागे टाकलं. मुख्य मालिकेत त्यानंतर असं कुणीही केलेलं नाही. त्या वर्षी हूझियर आणि गुडइयर यांच्यात स्पर्धा होती. हूझियर सहसा मऊ रबर द्यायचे, आणि ते ज्या दिवशी टिकलं त्या दिवशी समोरच्याला उत्तर नसायचं.

---

कुतूहल

मधला भाग राहिला. झुडपांतून २०२३ पर्यंत ट्रॅक आला कसा?

---

जुनी पाने

थोडक्यात लिहितो. २००५ पासून 'सेव्ह द स्पीडवे' नावाने स्थानिक लोक चिकाटीने मागे लागलेले होते. डिसेंबर २०१९ मध्ये अर्नहार्टचा मुलगा डेल अर्नहार्ट ज्युनिअर याने पुढाकार घेऊन, मालक कंपनीच्या मार्कस स्मिथना सोबत घेऊन, स्वयंसेवकांकरवी ट्रॅकवरची झुडपं काढली. उद्देश शर्यतीचा नव्हताच. आयरेसिंग या संगणकीय खेळासाठी लेझरने पृष्ठ मोजून ठेवायचं होतं, निदान आकार तरी जपला जावा म्हणून. मे २०२० मध्ये, प्रत्यक्ष शर्यती थांबलेल्या असताना, तोच ट्रॅक पडद्यावर शर्यतीसाठी वापरला गेला आणि लोकांची उत्सुकता वाढली. २०२१ मध्ये केंद्राच्या कोविड मदतनिधीतून राज्याने १.८ कोटी डॉलर इथल्या पाणी, सांडपाणी आणि बांधकामासाठी दिले. ३१ ऑगस्ट २०२२ ला लेट मॉडेल गाड्यांची (स्थानिक मालिकांत धावणाऱ्या) शर्यत जुन्याच डांबरावर झाली. कार्सन क्वापिल जिंकला, डेल ज्युनिअर तिसरा. त्या रात्रीची गर्दी पाहून पुढचं ठरलं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं, की २०२६ पासून गुणांची शर्यत परत इथे. तीस वर्षांनी.

---

खडीडांबर

एक भर. परत सुरू करताना कठड्यांना सेफर बॅरिअर बसवले. नेब्रास्का विद्यापीठात तयार झालेली रचना, पहिल्यांदा २००२ ला इंडियानापोलिसला वापरली. चौकोनी पोलादी नळ्या (८ बाय ८ इंच) एकावर एक जोडून भिंत करतात आणि ती काँक्रीटच्या भिंतीपासून थोडी पुढे ठेवून मध्ये फोमचे ठोकळे भरतात. गाडी आदळली की नळ्या मागे सरकतात, फोम चिरडतो, धक्का थोड्या जास्त वेळात वाटला जातो. लहान ट्रॅकवर अडचण जागेची, कारण भिंत पुढे आली की रस्त्याची रुंदी कमी होते. टक्कर झाल्यावर चिरडलेला फोम बदलावा लागतो, बाहेरून नळी सरळ दिसली तरी.

---

शार्लटकर

इथल्या मराठी मंडळींसाठी. शार्लटहून आय-७७ ने उत्तरेला, ७३ नंबरच्या एक्झिटने यूएस-४२१ पश्चिमेला. साधारण दीड तास. ट्रॅक ४२१ च्या लगतच आहे. शर्यतीच्या दिवशी मात्र तो दीड तास धरू नका.

गेलात तर दोन गोष्टी जरूर पाहा. एक, विजेत्याची लिफ्ट : जिंकलेली गाडी इमारतीच्या छतावर उचलून नेतात, जुनी पद्धत परत चालू केली आहे. दुसरी, समोरच्या गॅलरीतून मागच्या पट्टीकडे नजर. टीव्हीवर चढ अजिबात कळत नाही, बसल्यावर लगेच कळतो. जमल्यास पहिल्या वळणाच्या बाजूची वरची जागा घ्या, उतारावरचे ब्रेक आणि आत घुसण्याचे प्रयत्न तिथूनच दिसतात. कानाला मफ हवेतच. फोमचे बोळे लहान मुलांच्या कानात टिकत नाहीत.

२०२४ मध्ये जुन्या गॅलरीखाली पोकळी सापडली, सुमारे ७०० चौरस फुटांची. ती जुनी हातभट्टीची जागा असावी असा तर्क तेव्हा मांडला गेला, पण भट्टीचं सामान काही मिळालं नाही.

राली, केरी, डरहम या शहरांकडच्या लोकांना १९४९ च्याच हंगामातला दुसरा ट्रॅक घराजवळ आहे. हिल्सबरोचा ऑकोनीची स्पीडवे, ०.९ मैलांचा मातीचा, १९६८ ला बंद झाला. आता तिथे ईनो नदीकाठी पायवाट आहे, प्रवेश मोफत. जुन्या ट्रॅकवर पाईनची झाडं उभी आहेत आणि त्यांच्यामधून वळणाचा बांध अजून ओळखू येतो. पावसानंतर दोन दिवस थांबून जा, नदीकडची बाजू निसरडी असते.

---

खडीडांबर

ऑकोनीचा बांध टिकला आणि विल्क्सबरोच्या गॅलरीखाली पोकळी झाली, यात पाण्याचा भाग मोठा. ऑकोनीवर झाडांच्या मुळांनी माती धरली आणि पाणी पृष्ठावरून वाहून गेलं. गॅलरीच्या काँक्रीटखाली मात्र पाणी एकदा शिरलं की दिसत नाही. माती हळूहळू वाहते आणि वरचा काँक्रीटचा स्लॅब पुलासारखा अधांतरी राहतो. उताराच्या जागी असं जास्त होतं, कारण पाण्याला खाली जायला वाट असते. तपासायची साधी पद्धत म्हणजे हातोडीने ठोकत जायचं : भरीव जागी टणक आवाज, पोकळ जागी ढब. दरवर्षी पावसाळा संपला की एकदा.